माळ्यावरची पेटी आणि मांडवीची लायब्ररी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. सागवानी, दोन बाजूंना लोखंडी कड्या, कोपऱ्यांना पत्रा मारलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगात एक आकडा आहे, 7 असावा किंवा 1 असावा. त्यावरून कुणीतरी कधीतरी ओला फडका फिरवलाय. पेटीत गणपतीची आरास, दोन समया, आईच्या हातची एक गोधडी आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा असतो. घरात तिला सगळे ‘लायब्ररीची पेटी’ म्हणतात.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. ते सांगायचे, संस्थानच्या काळात अशा पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवत, ही त्यातलीच एक. ती आमच्याकडे कशी आली याची गोष्ट मात्र दर वेळी बदलायची. कधी लिलावात तीन रुपयांना घेतलेली असायची, कधी पेटलादच्या एका मास्तरांनी उसन्या पैशांपोटी दिलेली. आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, “मागच्या खेपेला पाच रुपये होते.” आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना भाचीनं विचारलं, “आत्या, यात चोपड्या राहायच्या? मग बाकीची लायब्ररी कुठे राहायची?” आमच्याकडे पुस्तकाला सर्रास चोपडी म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मुलगी जमाखर्चाबद्दल बोलतेय. मी तिला म्हटलं, “मांडवीला.” आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, मांडवीच्या लायब्ररीत पाऊल टाकून मला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. घरापासून चालत वीस मिनिटं.

दुसऱ्याच आठवड्यात निघाले. सूरसागरच्या काठानं, न्यायमंदिराला वळसा घालून, लहेरीपुरा दरवाज्यातून आत. बडोद्यात राहणाऱ्यांना एक गोष्ट खटकेनाशी झालेली असते, ती मला त्या दिवशी रस्ताभर खटकत राहिली. या शहरातल्या इमारतींची नावं आणि त्यांची कामं यांचा मेळच नाही. खंडेराव मार्केट म्हणजे महानगरपालिका. घरपट्टीची तक्रार करायला आम्ही ‘मार्केटात’ जातो. न्यायमंदिराचा मूळ बेत मंडईचा होता असं जुनी माणसं सांगतात. रॉबर्ट चिझमनं ते बांधलं, 1896 मध्ये उघडलं, महाराणी चिमणाबाईंचं नाव दिलं, आणि पुढे शंभरावर वर्षं तिथे कोर्ट भरलं. 2018 मध्ये कोर्टही नव्या इमारतीत गेलं, आता मंदिरात न्याय नाही. लहेरीपुरा दरवाजा आहे, पण तो बंद करायचा झाला तर कुणाला कळणारही नाही. आणि मांडवीला पोचल्यावर सरकारवाडा, ज्यात सरकार नाही.

सरकारवाडा या शब्दावर जरा थांबायला हवं. मराठी कानाला तो किती साधा शब्द आहे. सरकार म्हणजे राजा. सरकार राहतात तो वाडा. गायकवाडांचा हा जुना राजवाडा, मांडवीच्या अगदी पोटात, बाजाराच्या गलक्यात. पुढे राजघराण्याला गावाबाहेर ऐसपैस जागा मिळाली. मेजर मँट यांनी आखलेला आणि चिझमनं पुरा केलेला लक्ष्मीविलास 1890 मध्ये उभा राहिला. मागे राहिला वाडा. अशा मागे राहिलेल्या वाड्यांचं काय होतं ते आपण सगळीकडे पाहिलंय. कुठे गोदाम होतं, कुठे पोलीस चौकी, कुठे भाऊबंदकीत भिंती पडतात आणि आत पिंपळ उगवतो. बडोद्यात 1910 मध्ये त्यात पुस्तकं आली.

राज्यकारभाराची जुनी जागा वाचनालयाला द्यायची, यात मला जी गंमत वाटते ती त्या सुमारास घडत असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीमुळे. 1908 मध्ये सयाजीरावांनी धारासभा सुरू केली होती. म्हणजे कायदेमंडळ. पण त्या काळच्या बहुतेक कायदेमंडळांसारखंच, सभासद मोजके, अधिकार त्याहून मोजके; शेवटचा शब्द सरकारचाच. दोन वर्षांनी वाड्यात ग्रंथालय उघडलं, त्याला सभासदसंख्येची मर्यादा नव्हती. मी इतिहासाची अभ्यासक नाही, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे हे थोडं ओढूनताणून वाटलं तर वाटो. पण एका राजानं एका हातानं लोकांना बोलायची जागा दिली ती मोजून-मापून, आणि दुसऱ्या हातानं वाचायची जागा दिली ती सढळ, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. बोलणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांचा धोका कमी वाटला असेल. तो अंदाज किती खरा ठरला, ते पुढे येईलच.

मी पहिल्यांदा इथे आले ती सहा-सात वर्षांची असताना, आप्पांच्या सायकलच्या दांडीवर बसून. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे होते, त्यांनी आम्हाला पुस्तकांच्या कोठाराकडे नेलं. लोखंडी मांडण्यांच्या रांगाच रांगा, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “वर बघ.” मी वर पाहिलं तर छत हिरवट, धुरकट उजळलेलं, आणि त्यावरून दोन पावलं चालत गेली. नुसती पावलं. माणूस नाही, चपलांचे दोन काळे ठिपके, पुढे-मागे, पुढे-मागे. मी आप्पांचं धोतर धरून रडायला लागले. त्यांना हसू आवरेना. “अगं, काच आहे. वरच्या मजल्याची जमीन आहे ती.” मला ते पटलं नाही. जमिनीखालून जमीन दिसते ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलीला पटण्यासारखी नसते. मग त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेलं आणि काचेवर उभं केलं. खाली काहीच स्पष्ट दिसत नव्हतं, नुसता पाण्यासारखा उजेड. मी पाय उचलायला तयार नव्हते. ते गृहस्थ म्हणाले, “बेटा, इथे हत्ती आणला तरी तडा जायचा नाही.” हत्ती खरंच आणून पाहिला असेल का, हा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षं होता. बडोद्यात तो तसा अशक्यही नव्हता.

ही काचेची जमीन म्हणजे सेंट्रल लायब्ररीची खूण झाली आहे. बडोदं दाखवायला कुणाला नेलं की तीच दाखवतात, आणि बघणारा ‘राजेशाही थाट’ म्हणून मोकळा होतो. थाट कसला, ही तर काटकसर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांत ही पद्धत रूढ होत होती. पुस्तकं लाखांत जायला लागली की भिंतीला लावलेल्या कपाटांचा उपयोग संपतो. शिडीवर चढून पुस्तक काढायला वेळ लागतो, शिडीवरून माणसं पडतात. म्हणून कोठाराचे बुटके मजले करायचे, माणसाचा हात वरच्या फळीला सहज पोचेल एवढेच उंच. पण मजल्यावर मजला चढवला की मधल्या वाटांमध्ये अंधार होतो. दिवा न्यायचा तर कागदाशेजारी आग. विजेचे दिवे तेव्हा नवे, तारांचा भरवसा नाही. मग जमीनच काचेची करायची, म्हणजे वरचा आणि बाजूचा उजेड गाळून गाळून तळापर्यंत उतरतो. काच आरपार दिसणारी नसते, जाड आणि धुरकट असते. उजेड तेवढा सोडते. मांडण्या लोखंडी. यात माझ्या मते बडोद्यासाठी सगळ्यात मोठी सोय वाळवीची. आमच्याकडे विश्वामित्रीला पूर आला की नंतर महिनोन्‌महिने भिंती ओल धरतात, आणि लाकडाच्या कपाटाला पाठीमागून कधी भुगा पडायला लागतो ते कळत नाही. लोखंड आणि काच वाळवी खात नाही. माझ्या सासऱ्यांचं ज्ञानकोशाचं कपाट त्या उपयुक्त माहितीअभावी गेलं.

पण मी गेले होते पेटीच्या शोधात.

पेटीची गोष्ट सुरू होते ती शाळेपासून. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला तो कायदा लावला. मुलं शाळेत आली, अक्षरं शिकली, आणि चार वर्षांत विसरली. कारण गावात वाचायला काही नव्हतं. दुकानावरची पाटी नाही, वर्तमानपत्र नाही, पत्र येतं ते वर्षातून एकदा. ही अडचण शिक्षक असलेल्या कुणालाही चटकन कळेल. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीनंतर जून पूर्ण उजळणीत घालवायचो. इथे तर सुट्टी जन्मभराची होती. खेड्यातल्या वाचनासाठी मोतीभाई अमीन हे शिक्षक आधीपासूनच धडपडत होते. मित्रमंडळं काढायची, चार-चार आणे गोळा करायचे, वर्तमानपत्र मागवायचं आणि पारावर वाचायचं, असं ते काम. संस्थानानं पुढे खेड्यांच्या ग्रंथालयांची जबाबदारी त्यांच्याचकडे दिली. कारकून न नेमता, ज्यानं स्वतःच्या हातानं ते काम केलंय त्याला नेमणं हे मला सयाजीरावांच्या मोठमोठ्या इमारतींपेक्षा जास्त आवडतं.

आणि दुसरा माणूस थेट अमेरिकेतून आला. विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. बॉस्टनला ग्रंथपाल चार्ल्स कटर यांच्या हाताखाली तयार झालेले, न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. महाराज अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि 1910 मध्ये या गृहस्थांना बडोद्याला घेऊन आले. तीन वर्षं राहिले. महाराजांनी लक्ष्मीविलासमधली स्वतःची सुमारे 20,000 पुस्तकं दिली, त्यांवर मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. 1911 मध्ये ग्रंथपालांचा वर्ग निघाला, हिंदुस्थानातला पहिला. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक निघालं, एकाच अंकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी. पुस्तकं लावायची पद्धत बॉर्डननं कटरची अक्षरं आणि मेल्विल ड्युई या दुसऱ्या अमेरिकी ग्रंथपालाचे दशांश यांचा संसार थाटून तयार केली. माझ्या एका मैत्रिणीनं ग्रंथालयशास्त्रात पदवी घेतली, ती म्हणते, असला संसार टिकत नसतो. बडोद्यात बरीच वर्षं टिकला.

बॉर्डन यांना इथला उन्हाळा कसा गेला असेल, हा विचार मला नेहमी येतो. न्यू हेवनचा माणूस मे महिन्यात मांडवीत. त्यांच्यानंतर ग्रंथालयांची सूत्रं जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. त्यांनी 1919 मध्ये बडोद्याच्या या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते नाव ऐकलं की मला उगाच घरचं वाटतं. कुडाळकर, म्हणजे कोकणातून घाट चढून कुणी पूर्वज आला, आणि त्याचा वंशज गुजरातेतल्या खेड्यांना पेट्या पाठवायला बसला.

त्या पेट्या. फिरत्या ग्रंथालयाची एक पेटी म्हणजे साधारण 15 ते 30 पुस्तकं. गावातल्या मास्तरानं किंवा कुणा जबाबदार माणसानं मागणी करायची, पेटी रेल्वेनं जायची, भाडं सरकारी खात्यातून. काही महिन्यांनी पेटी परत, नवी पेटी रवाना. कायमचं ग्रंथालय काढायचं असेल तर त्याचा हिशेब असा होता, की खर्चाचा एक तिसरा हिस्सा गावानं जमवायचा, एक तिसरा प्रांत पंचायतीनं द्यायचा, एक तिसरा सरकारनं. गावासाठी हा हिस्सा वर्षाला 100 रुपयांपर्यंत. म्हणजे फुकट नाही. गावानं आधी खिशात हात घालायचा. बडोद्यातल्या मुख्य ग्रंथालयात मात्र वर्गणी नव्हती. हा फरक मला आधी उलटा वाटला होता. शहरातल्याला पैसे परवडतात, खेड्यातल्याला नाहीत. मग लक्षात आलं, ज्या पुस्तकासाठी गावानं पैसे घातले ते गाव सांभाळेल. आमच्या शाळेत देणगीतून आलेली पुस्तकं पहिल्या पावसाळ्यात गेली, मुलांनी आठ-आठ आणे काढून घेतलेला एक शब्दकोश अजून आहे. त्याला पुठ्ठा तीनदा बदललाय.

पुस्तकांशिवाय आणखी एक खातं होतं: दृश्य शिक्षणाचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न, स्टीरिओस्कोप आणि सिनेमाची यंत्रं घेऊन माणसं गावोगाव जायची. रात्री चादरीवर चित्रं. आप्पांनी लहानपणी हे पाहिलं होतं आणि ते ‘जादूचा पडदा’ म्हणत. त्यांच्या बाकीच्या गोष्टींपेक्षा ही गोष्ट मी जास्त खरी मानते, कारण ती त्यांनी कधीच बदलली नाही.

संस्कृत पोथ्यांचा विभागही याच ग्रंथालयात वाढला. अनंतकृष्ण शास्त्री देशभर हिंडून हस्तलिखितं आणत, चिमणलाल दलालांनी पाटणचे जैन ग्रंथभांडार पाहिले. 1916 मध्ये गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ निघाला, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. 1927 मध्ये पोथ्या वेगळ्या होऊन प्राच्यविद्यामंदिर झालं. बडोद्याच्या विद्वत्तेबद्दल बोलताना सगळे इथूनच सुरुवात करतात आणि इथेच संपवतात. ते असो. माझं मन पेटीत होतं.

वाचनालयात त्या दिवशी गर्दी होती. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, कानात कापसाचे बोळे. वर्तमानपत्रांपाशी चार-पाच निवृत्त मंडळी, त्यातले दोघे मराठी, कारण चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून त्यातल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, “या दांडिया बाजारातल्या ने?” हा ‘ने’ बडोद्याबाहेरच्या मराठीत सापडायचा नाही. टेबलामागच्या भाईंनी विचारलं, “शुं जोईए, बेन?” मी म्हटलं, सयाजी शासन शब्दकल्पतरू आहे का? आणि जुन्या फिरत्या पेट्यांपैकी एखादी? पहिल्यासाठी ते उठले. दुसऱ्यासाठी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

शब्दकल्पतरू मला खरंच हवा होता. एका शेजाऱ्याच्या घराचे जुने कागद मी वाचून देत होते, त्यातले कचेरीचे शब्द अडले होते. 1931 चा हा कोश म्हणजे राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना सात भाषांतले प्रतिशब्द: गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. इंग्रजी धरून आठ. म्हणजे सरकारनं रयतेशी रयतेच्या भाषेत बोलायचं ठरवलं, तेव्हा आधी शब्द गोळा करायला हवेत हे कुणाला तरी सुचलं. आज आमच्याकडे सरकारी अर्जावर एक इंग्रजी शब्द असतो, त्याच्या खाली गुजरातीत लिहिलेला तोच इंग्रजी शब्द.

या शहरात मराठी साहित्य संमेलन चार वेळा भरलं: 1909, 1921, 1934 आणि 2018. गुजरातेत राहून मराठीचं एवढं कौतुक करून घेतलेलं दुसरं गाव नसावं, आणि आम्ही बडोदेकर ते दर दोन वाक्यांनी सांगतो. मीही आत्ता सांगितलंच. पण या ग्रंथालयाबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळली तर आप्पांच्या पेटीसारखीच माझीही गोष्ट सोयीची होईल.

1913 मध्ये बॉर्डन अमेरिकेला परत गेले. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते 1917 मध्ये संस्थानात नोकरीला आले. एवढं शिकलेला माणूस, आणि राहायला शहरात खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही जागा दिली नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता, म्हणून पाच तास कमाटीबागेत बसून काढले. त्या वेळी सरकारवाड्यात ग्रंथालयाला सात वर्षं झाली होती. खेड्यांना पेट्या जात होत्या. राजानं वाचायची जागा सगळ्यांना दिली, शहरानं झोपायची जागा त्या एकाला दिली नाही. कमाटीबागेतल्या त्या झाडाच्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. कोशात कुठल्याही भाषेत खोलीला शब्द असतो, ती देणारा मिळतोच असं नाही. वाचणाऱ्यांचा धोका कमी वाटला असेल, असं मी वर म्हटलं. तो अंदाज त्या बागेत बसलेल्या माणसानं चुकीचा ठरवला.

भाई कोश घेऊन आले. जड होता, दोन हातांनी आणला. पेटीबद्दल म्हणाले, आत्ता अशी कुठे दिसत नाही, बेन, पूर्वी असतील. मग जरा थांबून, “घरे छे? तो सारू. राखजो.” घरी आहे ना, मग बरं, ठेवा. मला वाटलं होतं, त्यांनी परत मागितली तर काय उत्तर द्यायचं. त्यांनी मागितली नाही. मी मांडण्यांच्या बाजूला उभी राहून थोडा वेळ वर बघत होते. काच होती, उजेड होता, पावलं मात्र त्या दिवशी कुणाची दिसली नाहीत.

बाहेर आले तर मांडवीवर संध्याकाळची गर्दी, साड्यांच्या दुकानांतले दिवे लागलेले. आषाढी एकादशीला इथल्याच विठ्ठलमंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो. आप्पा त्या दिवशी मला खांद्यावर घ्यायचे, आणि लायब्ररीच्या दिशेनं बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणायचे. विठोबा बघायला आलेल्या मुलीला लायब्ररी कशाला दाखवायची, हे तेव्हा कळत नव्हतं. घराकडे येताना मी लिलो चेवडो घेतला, पाव किलो.

घरी आल्यावर भाचीला हाक मारली. आम्ही पेटी माळ्यावरून खाली घेतली, तिच्यातलं सगळं गादीवर रिकामं केलं. तळाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद चिकटलेला होता. कुठल्या सालचा ते दिसेना, एका कडेला ‘…ाची जाहिरात’ एवढंच वाचता आलं, आणि ते मराठीत होतं. आत फळी अडकवायच्या खाचा असायला हव्यात असं मला वाटत होतं. एका बाजूला दोन खाचा होत्या, दुसऱ्या बाजूला नव्हत्या. भाची म्हणाली, “मग आप्पापणजोबा खोटं बोलत होते?” मी म्हटलं, अर्धं खरं.

ती म्हणाली, भरून बघू. तीस पुस्तकं मावली तर लायब्ररीची. मला हा निवाडा पटला. तिनं कपाटातून पुस्तकं काढली, माझी जाडी, तिची पातळ, दोन दिवाळी अंकही पुस्तकात धरले. उभी लावली, आडवी लावली, मग पुन्हा उभी. सव्वीस बसली. सत्ताविसाव्याला झाकण लागेना.

“ती जाडी व्याकरणाची काढली तर बसतील,” ती म्हणाली.

मी व्याकरण काढून दिलं. तिनं त्या जागी चार पातळ पुस्तकं सरकवली, झाकण दाबलं, आणि वर बसली.

“आता ही कुठल्या गावाला पाठवायची?”

तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे वाचायला घरी काही नसतं, असं मग तीच म्हणाली. ती मुलगी कारेलीबागेत राहते. रिक्षानं चाळीस रुपये होतील. गावानं एक तिसरा भाग द्यायचा असतो, असं मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं गुल्लक हलवून पाहिली.